एस्प्रेसो मशीनचं पाणी दुधाळ येतंय: सॉफ्टनर कार्ट्रिज ठेवावं की आरओ घ्यावा?

मशीनला थेट नळाची लाइन दिली, मध्ये नवा फिल्टर (पाणी मऊ करणारं सॉफ्टनर कार्ट्रिज) बसवला आणि पहिलाच ग्लास दुधाळ आला, की सगळा संशय फिल्टरवर जातो. माझाही गेला होता. पण आधी दोन ग्लास भरा: एक मशीनच्या अलीकडे, फिल्टरमधून निघणारं गार पाणी; दुसरा मशीनच्या गरम पाण्याच्या तोटीचा. पाच मिनिटं हलवू नका. पाणी तळाकडून वर निवळत गेलं, तर ती हवा. कोऱ्या कार्ट्रिजमध्ये अडकलेली हवा दाबाखाली पाण्यात विरघळते आणि तोटीशी दाब सुटला की बारीक बुडबुडे होऊन बाहेर पडते. काही कार्ट्रिजमधली रेझिन (क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) क्षार काढताना कार्बन डायऑक्साइडही सोडते, त्याचाही हाच परिणाम. काही दिवसांत हे थांबतं. तळाशी काळी पूड बसली तर ती कार्बनची, म्हणजे फिल्टर पुरेसा धुतला नाही. पांढरा गाळ बसला तर मात्र क्षारांकडे बघायला हवं.

हवेसाठी फिल्टर बदलू नका. कार्ट्रिज की आरओ, हे पाण्याच्या कठीणपणावर, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांवर ठरवा. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो, कठीणपणा वेगळा सांगत नाही. फिश टँकच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं, ते घ्या. त्यात कठीणपणा जर्मन अंशात येतो; एक अंश म्हणजे लिटरला सुमारे 18 मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात).

पुण्यात खडकवासल्याचं पाणी मऊ असतं. त्याला सॉफ्टनर कार्ट्रिज पुरून उरतं. कित्येकदा नुसता कार्बन फिल्टरही चालतो. कार्ट्रिज ओट्याखाली मावतं, वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही आणि चवीपुरते क्षार शिल्लक राहतात. वाघोली, हिंजवडीकडे बोअर किंवा टँकर असेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर हिशोब उलटा होतो. कठीणपणा दुप्पट झाला की कार्ट्रिजचं आयुष्य निम्मं होतं. शिवाय सॉफ्टनर क्लोराइड काढत नाही, आणि ते जास्त असेल तर स्टीलच्या बॉयलरला खड्डे पडतात. तिथे आरओच हवा.

पण घरगुती आरओ सरळ मशीनला जोडू नका. त्याच्या टाकीतल्या पाण्याला दाब नसतो, म्हणून प्रेशर टँक किंवा पंप लागतो. बरंच पाणी वाया जातं, ते वेगळं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पाणी अगदी निःक्षार झालं तर त्यातून वीज नीट वाहत नाही. मग बॉयलरमधल्या पातळीच्या प्रोबला (पाण्यातून वीज वाहते का यावरून पातळी ओळखणाऱ्या सळईला) तो रिकामाच वाटतो आणि मशीन पाणी भरतच राहतं. असं पाणी धातूही खातं आणि कॉफी पोकळ लागते. म्हणून क्षार परत मिसळणारं कार्ट्रिज किंवा थोडं मूळ पाणी मिसळणारा बायपास हवाच. मी लिटरला 50 ते 80 मिलिग्रॅम कठीणपणा धरून चालतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक 200 पर्यंत योग्य मानतं. तेवढं पाणी आपल्याला चालतं, बॉयलरमध्ये मात्र थर धरतं.

पालिकेचं पाणी वर्षभर येत असेल, तर माझं मत कार्ट्रिजला. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवत असेल, तर एप्रिल-मेमध्ये थेंबांची चाचणी पुन्हा करा आणि त्या आकड्यावर ठरवा. काहीही घेतलंत तरी मशीनला जोडण्याआधी पत्रकात लिहिलंय तेवढं पाणी बादलीत सोडून द्या. नव्या जोडणीतला बराचसा दुधाळपणा आणि काळी पूड तिथेच निघून जाते.