दप्तरातला मोबाईल: बंदी, कपाट की मोकळीक?

शाळा उघडून पंधरा दिवस झाले की पहिली पालकसभा होते आणि त्या सभेत दरवर्षी एक विषय हमखास निघतो: पोरांनी शाळेत मोबाईल आणावा की नाही. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलात मी एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे, पण आजूबाजूच्या गावांतले एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीचे, सदस्य अजून विचारायला येतात, "बाई, आम्ही काय ठरवायचं?" दारात उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहिते आहे.

रस्ते तीन आहेत. पहिला, मोबाईल आणायचाच नाही. दुसरा, आणा, पण सकाळी ऑफिसातल्या कपाटात जमा करा आणि सुटताना घेऊन जा. तिसरा, दप्तरात असू दे, शिक्षक सांगतील तेव्हाच बाहेर काढायचा. तिन्ही मी जवळून पाहिलेत, आणि तिन्हींत कुणाचं तरी काहीतरी जातं. आपल्या गावात कुणाचं काय जाणार आहे, हे आधी बघायला हवं.

एक गोष्ट पालकसभेत आधी मान्य करावी. मोबाईल पोरांच्या हातात शाळेनंच दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्हीच घरोघरी सांगत फिरलो की मोबाईल घ्या, नाहीतर पोरगं मागं पडेल. कुणी दुधाच्या बिलातून घेतला, कुणी काजूच्या बिया विकून. रेंज मिळावी म्हणून पोरं छत्री घेऊन माळावर बसायची. २०२१ ची एसएसएलसी, म्हणजे आपली दहावीची परीक्षा, १९ आणि २२ जुलै अशा दोनच दिवसांत, बहुपर्यायी प्रश्नांवर झाली, आणि त्या बॅचचा निम्माअधिक अभ्यास मोबाईलवरच झाला होता. पुढे आम्ही बंदी घातली तेव्हा एक आई सभेत उभी राहून म्हणाली, "तुम्हीच घ्या म्हटलासा, आता तुम्हीच नको म्हणालायसा?" तिचं चुकलेलं नव्हतं. म्हणून नियम सांगताना पालकांना दोष देऊ नका, निम्मी सभा तिथंच फुटते.

मोकळीक

तिसऱ्या रस्त्यापासून सुरुवात करते, कारण त्याच्या बाजूनं बोलणारे शिक्षक कळकळीचे असतात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड पोरं स्वतः स्कॅन करतात, हृदयाचे कप्पे हलताना बघतात. दिवाळीत किल्ला करताना आमच्या आठवीच्या पोरांनी राजगडाचा नकाशा मोबाईलवर उघडून सुवेळा आणि संजीवनी माची योग्य दिशेला काढली होती, ते मी कौतुकानं पाहिलंय. कन्नडमधलं परिपत्रक किंवा अर्ज कॅमेऱ्यासमोर धरला की अर्थ मराठीत कळतो, आणि ज्या घरात कुणालाच कन्नड वाचता येत नाही तिथं ही फार मोठी सोय आहे.

पण आपल्या भागातली एक अडचण बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. आपली पोरं मराठीत शिकतात, पण पुस्तक कर्नाटकाचं आणि परीक्षा कर्नाटक बोर्डाची. यूट्यूबवर मराठीत धडा शोधला तर बहुतेक महाराष्ट्र बोर्डाचा सापडतो. धड्यांचा क्रम वेगळा, प्रश्नांची ठेवण वेगळी. कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या पोराला मोबाईलवर जेवढा अभ्यास मिळतो तेवढा आपल्या पोराला मिळत नाही. मिळतं ते बाकीचं सगळं, आणि ते भरपूर.

'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत हेच देशभर दिसलं. १४ ते १६ वयाच्या सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला म्हणणारे ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मला जास्त टोचतो. वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्क्यांच्या आसपास, मुली २७. म्हणजे "सगळ्यांनी मोबाईल काढा" असं वर्गात म्हटलं की कोणाची मान खाली जाणार हे ठरलेलं आहे.

आणि लक्ष. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की मोबाईलमुळे एकदा विचलित झालेलं मन अभ्यासावर परत यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला तास चाळीस मिनिटांचा.

पण माझं मत झालं ते आकड्यांमुळे नाही. कोविडनंतर दोन वर्षं आमच्याकडे मोकळीक होती. नववीतल्या एका मुलीचा डुलकी लागलेला फोटो मागच्या बाकावरून कुणीतरी काढला, त्याखाली एक घाणेरडी ओळ लिहून स्टेटसला ठेवला. चोवीस तासांत स्टेटस गेलं. मुलगी अकरा दिवस शाळेत आली नाही. मी आणि वर्गशिक्षिका तिच्या घरी तीनदा गेलो. तिचे वडील एवढंच म्हणत होते, "शाळेत पाठवलं होतं, बाई." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा असलेली वस्तू वर्गात चाळीस पोरांच्या हाती मोकळी राहू नये, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही.

पूर्ण बंदी

हा रस्ता सोपा, स्वच्छ आणि बिनखर्ची आहे. गरीब-श्रीमंत सारखे. हरवला, फुटला ही कटकट शाळेकडे नाही. मधल्या सुट्टीत पोरं पुन्हा खो-खो खेळतात, भांडतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात. ते पाहण्यासाठी तरी बंदी घालावी असं वाटतं.

फायद्याचा पुरावाही आहे. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदीनंतर निकाल सुधारले आणि सर्वांत जास्त सुधारले ते अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे. हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही. हे कुठल्याही शिक्षकाला पटेल. पहिल्या बाकावरचं पोर मोबाईल असला तरी शिकतं, बुडतं ते काठावरचं.

पण बंदीकडून भलती अपेक्षा धरू नका. ३० शाळांतल्या १,२२७ विद्यार्थ्यांचा बर्मिंगहॅम विद्यापीठाचा अभ्यास २०२५ मध्ये आला. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक दिसला नाही, कारण दिवसभरातला एकूण मोबाईल काही कमी झाला नव्हता. शाळेतला वेळ वाचला, घरी भरून निघाला. म्हणजे शाळेतली बंदी वर्ग वाचवते. पोराची सवय ती एकटी मोडू शकत नाही.

आता आपल्याकडचं बघा. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूची पोरं दोन-दोन कोस चालून बसला येतात. जुलै-ऑगस्टचा पाऊस, पाचलाच अंधारून येतं. आमच्या पूर्ण बंदीच्या वर्षी संध्याकाळची बस आली नाही आणि दहावीतल्या दोन मुली साडेसातपर्यंत स्टँडवर भिजत उभ्या होत्या. घरच्यांना कळवायला काही साधन नाही. शेवटी एका दुकानदारानं फोन लावून दिला. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांतून सांगणं आलं की शाळा बंद करतो. एक मुलगी समजावून परत आली. दुसरीचं त्या वर्षी शिक्षण थांबलं. ११ जून २०२३ पासून बायका-मुलींना सरकारी बस मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळे मुलींच्या तिकिटाचा प्रश्न सुटला, पण बस चुकली किंवा आलीच नाही तर काय, हा प्रश्न तसाच आहे.

शिवाय पूर्ण बंदीत लपवाछपवी वाढते. कंपासपेटीच्या खाली, सॉक्समध्ये, सायकलच्या सीटखाली. मग झडत्या सुरू होतात आणि शिक्षकाचा पोलीस होतो. मुलींचं दप्तर पुरुष शिक्षकानं तपासायचं का, इथपर्यंत गोष्ट जाते.

कपाट

मधला रस्ता कागदावर छान दिसतो आणि चालवायला सगळ्यांत कठीण आहे. म्हणूनच त्याबद्दल तपशिलात सांगते.

कापडाचे नंबर घातलेले कप्पे शिवून घ्या. आमच्या गावातल्या शिंप्यानं एका दुपारी शिवून दिले होते. ज्याचा जो हजेरी क्रमांक, तोच त्याचा कप्पा. प्रार्थनेच्या आधी दहा मिनिटं एक शिक्षक वहीत नोंद करून बंद केलेला फोन घेणार, कपाटाला कुलूप, किल्ली हेडमास्तरांकडे. सुटताना बसवाल्या पोरांची रांग पहिली. हे दररोज व्हायला पाहिजे. दोन दिवस चुकलं की तिसऱ्या दिवशी सगळे फोन दप्तरात जातात.

दोन गोष्टी लेखी घ्या. एक, फोन हरवला तर जबाबदारी कुणाची. यावर सभेत घाम फुटतो, पण आधी बोललेलं बरं. दोन, जमा झालेला फोन शिक्षकांनी उघडायचा नाही. गॅलरी नाही, मेसेज नाही. काही गंभीर वाटलं तर पालकांना बोलावून त्यांच्यासमोर. पोराचा विश्वास एकदा गेला की पुढचा फोन कपाटात येत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात साधारण हीच दिशा धरली. सरसकट बंदी इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही. जमेल तिथं फोन सकाळी जमा करावा, वर्गात वापर नको, कॅमेरा आणि रेकॉर्डिंग नको, सुरक्षिततेपुरता संपर्क ठीक, आणि नियम पालक-शिक्षकांशी बोलून करावेत. हा निकाल आपल्या शाळांना बंधनकारक नाही, पण नियमाचा मसुदा लिहायला त्याच्याइतका उपयोगी कागद मला दुसरा मिळाला नाही.

बटणाचा फोन

या चर्चेत एक गोष्ट नेहमी राहून जाते. घरी "पोहोचलो" एवढं सांगायला स्मार्टफोन कशाला लागतो? बटणाचा फोन दोन-अडीच हजारांच्या आत येतो, चार्जिंग तीन-चार दिवस टिकतं, पावसात भिजला तरी जीव हळहळत नाही. "पोरं हसतात" असं मुलं सांगतात, आणि ते खरं आहे. वयच तसं आहे, ती लाज खोटी समजू नका. पण सगळे फोन सारख्याच कापडी कप्प्यांत जात असतील तर कुणाचा कसला हे दिवसभर दिसत नाही. कपाटाचा हा फायदा आम्हाला नंतर कळला.

कोणत्या गावाला काय

बेळगाव शहरातल्या, टिळकवाडी-शहापूरकडच्या शाळेत पोरं चालत येतात किंवा रिक्षामामांच्या रिक्षेतून. मामांकडे फोन असतो, शाळेत फोन असतो. तिथं दहावीपर्यंत पूर्ण बंदी घालायला मला काहीच अडचण दिसत नाही.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात कपाट. तेही सरसकट नाही, बसनं किंवा दोन किलोमीटरहून लांबून चालत येणाऱ्यांना, पालकांच्या अर्जावर.

निपाणी-चिकोडीकडचं चित्र थोडं वेगळं. कागलच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारे आईवडील रात्री उशिरा घरी येतात, पोर आजीजवळ असतं. घरी कोण आहे, किल्ली कुणाकडे आहे, हे त्याला शाळा सुटताना कळायला हवं. तिथंही अर्जावर कपाट, आणि शक्यतो बटणाचा फोन.

सातवीपर्यंत मात्र कुठंच नको. यावर मी सभेत वाद घालते आणि घालत राहीन. त्या वयात निरोप द्यायचं काम मोठ्या माणसांचं आहे.

वर्गात व्हिडिओ दाखवायचा तर शिक्षकाचा एक फोन किंवा शाळेचा टीव्ही पुरतो. सगळे मिळून एक पडदा बघतात, मध्ये थांबवून बोलता येतं, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याची मान खाली जात नाही.

घरचाही विषय त्याच सभेत काढा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, पोरांच्या अभ्यासासाठी. गावानं ग्रामसभेत ठरवलं म्हणून ते झालं. तुमच्या गावाला भोंगा जमेल न जमेल, पण पालकांना एवढं नक्की विचारा: रात्री जेवताना घरात किती फोन चालू असतात? आमच्या सभेत हा प्रश्न विचारला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक आजोबा म्हणाले, "माझाच चालू असतोय बगा."

नियम ठरला की मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून सह्या घ्या, म्हणजे बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातून कुणी आलं तर अडायला नको. आणि निवड कोणतीही करा, शाळेचा एक फोन पोरांसाठी मोकळा ठेवा. आमच्याकडे तो ऑफिसच्या खिडकीत असतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नंबर लिहिलाय, दहावीच्या पोरांनीच रंगवलाय, गावातल्या बहुतेक घरांत तो पाठ आहे. पावसाळ्यात बसला उशीर झाला की खिडकीपाशी रांग लागते. "आई, बस नाही आली अजून, बाबांना पाठव," एवढंच बोलून पोर फोन मागच्याच्या हातात देतं.