१५ लिटरचा गीझर: थंडी, उन्हाळा आणि अर्ध्या पावसाळ्यानंतर

दिवाळीच्या आधी बसवलेला १५ लिटरचा, २००० वॅटचा स्टोरेज गीझर आता पावसाळ्यात येऊन पोचलाय. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आयएसआय मार्क असलेले, सारख्या किमतीतले फाइव्ह स्टार गीझर आतून फारसे वेगळे नसतात. तो गीझर घरात सुरक्षित राहील की नाही, हे ठरतं व्हॉल्व्ह, अर्थिंग आणि पाइप यांवर. आणि नेमकं तेच काम शेवटच्या अर्ध्या तासात घाईघाईने उरकलं जातं.

आमचं घर पुण्यात, वाघोलीला. बारा मजल्यांच्या इमारतीत तिसरा मजला, पाणी टँकरचं आणि बोअरचं. टाकी गच्चीवर असल्यामुळे आमच्या नळावर जवळजवळ तीस मीटरच्या उंचीचा, म्हणजे साधारण ३ बारचा दाब येतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब जास्त असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळी मी लिटर आणि रंगाच्या आधी ८ बारचा दाब सोसण्याचं रेटिंग आहे ना, ते पाहिलं.

बसवताना सगळ्यात मोठी चर्चा झाली सेफ्टी व्हॉल्व्हची. खोक्यात मल्टी-फंक्शन व्हॉल्व्ह मिळतो. तो थंड पाण्याच्या, निळ्या खुणेच्या निपलवर बसतो आणि त्याच्यावरचा बाण गीझरच्या दिशेने असावा लागतो. एक तर तो गीझरमधलं पाणी मागे जाऊ देत नाही, म्हणजे सोसायटीची टाकी रिकामी झाली तरी गीझर भरलेला राहतो आणि कॉइल कोरडी जळत नाही. दुसरं म्हणजे आतला दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो पाणी बाहेर सोडतो. पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेलं की दोन टक्क्यांहून थोडं जास्तच फुगतं. १५ लिटरमागे ते जवळजवळ एक फुलपात्रभर पाणी झालं. मागचा रस्ता बंद असल्यामुळे ते पाणी व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून थेंबथेंब पडतं. गीझर तापत असताना असे थेंब पडणं म्हणजे व्हॉल्व्ह नीट काम करतोय.

पहिल्याच दिवशी प्लंबर म्हणाला, "ताई, व्हॉल्व्ह गळतोय, डमी मारून टाकू का? नाहीतर रोज फरशी ओली होईल." डमी म्हणजे भोक बंद करणारं बूच. मी ठाम नाही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. थर्मोस्टॅट बिघडला तर कटआउट वीज तोडतो. तोही चालला नाही तर शेवटी हा व्हॉल्व्हच उरतो. त्याचं तोंड बंद केलं तर बंद टाकीतलं पाणी १०० अंशांच्या पुढे तापत जातं, दाबामुळे पाणीच राहतं, आणि टाकी फाटली की क्षणात त्याची वाफ होते. आम्ही डमीऐवजी त्या भोकाला पातळ नळी जोडून ती जाळीपर्यंत खाली आणली आणि तिचं टोक उघडं ठेवलं. फरशी कोरडी राहते आणि व्हॉल्व्हही मोकळा राहतो. एकच लक्ष ठेवायचं: गीझर बंद, पाणी गार, तरीही धार चालू असेल तर दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे. आमच्याकडे टँकरचं गढूळ पाणी आल्यावर तसं झालं होतं. व्हॉल्व्हची दांडी दोनतीनदा उचलून पाणी सोडलं आणि थांबलं. व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मध्ये कॉक मात्र कधीही बसवू देऊ नका.

आता वीज. २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. एक्स्टेंशन बोर्डावर गीझर चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण. आमचा स्विच बाथरूमच्या बाहेर आहे. गीझर शॉवरच्या डोक्यावर न घेता बाजूच्या भिंतीवर घेतला आहे.

अर्थिंग मी वायरमनकडून समोर उभी राहून तपासून घेतलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडे. पण नुसत्या मीटरने भागत नाही. अर्थिंग नसलेल्या घरात काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. मीटर मग बरोबर आकडे दाखवतो. पुढे कधी न्यूट्रल तुटला की गीझरच्या धातूच्या अंगावर, आणि त्यातून नळाच्या पाण्यावर, थेट २३० व्होल्ट येतात. म्हणून सॉकेट उघडून आत बघा, तुकडा जोडलेला नाही ना याची खात्री करा. आम्ही सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. विजेची गळती झाली की तो क्षणार्धात वीज तोडतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघते. आई सत्तरीच्या पुढे आहे, तिच्या अंघोळीच्या आधी मी स्विच बंद करते ते करतेच, पण तिने विसरून चालू ठेवला तरी आता धाकधूक नाही.

पाइपाबद्दल दोन गोष्टी. खोक्यात आलेले प्लास्टिकचे कनेक्शन पाइप आम्ही लावलेच नाहीत, जाळीचे स्टीलचे घेतले. आणि गरम पाण्याच्या लाइनला साधा पांढरा पीव्हीसी चालत नाही, तो ६० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतचा असतो. तुमच्या भिंतीत बिल्डरने काय घातलंय ते प्लंबरला विचारून घ्या.

भिंतीचा प्रश्न आम्हाला अनपेक्षित होता. नव्या इमारतींत अनेकदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या भिंती असतात. भरलेला गीझर पंचवीस किलोच्या आसपास जातो. विटेच्या भिंतीसाठीचे अँकर फास्टनर या ब्लॉकमध्ये हलत राहतात. आम्ही आरपार बोल्ट टाकून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी लावली. पलीकडे बाल्कनी होती म्हणून जमलं. तसं शक्य नसेल तर एएसीसाठीचेच खास फास्टनर मागवा. गीझर फॉल्स सीलिंगच्या वर लपवायची फॅशन आहे, ती मला अजिबात पटत नाही. गळती दिसत नाही, व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही, आणि सर्व्हिसिंगला सगळं सीलिंग खोलावं लागतं.

पहिल्यांदा चालू करताना गरम नळ उघडा ठेवून टाकी भरू द्या. नळाला सलग धार लागली की मगच स्विच.

वापराचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंशांवरून ६० वर यायला वीस-बावीस मिनिटं आणि ०.७ युनिट लागतं. सकाळ-संध्याकाळ धरून महिन्याला चाळीसेक युनिट. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची टाकीच तापलेली असते, तेव्हा गीझर जवळपास बंद होता. थर्मोस्टॅट आम्ही ६० वर ठेवला आहे. या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते, म्हणून घरात नियमच आहे: बादलीत आधी गार, मग गरम. पंधरा लिटरच्या बादलीला साडेसहा लिटरच्या आसपास गरम पाणी पुरतं, त्यामुळे एका तापवणीत दोन अंघोळी आरामात होतात.

टँकरच्या जड पाण्याची काळजी होती, ती खरी ठरली. पावसाळ्याच्या तोंडावर सर्व्हिसिंग करून घेतलं तेव्हा कॉइलवर क्षारांचा पांढरा थर होता, आणि मॅग्नेशियमचा एनोड रॉड बोटाएवढा होता तो पेन्सिलीसारखा झाला होता. हा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो संपला की पाळी टाकीची. म्हणून रॉड लगेच बदलला, प्लेटखालचं रबरी गॅस्केटही नवीन घातलं. वॉरंटी कार्डात पाण्याच्या जडपणाबद्दलची अट असते. बोअरवाल्यांनी ती खरेदीच्या आधी वाचावी आणि पहिलं सर्व्हिसिंग वर्ष व्हायच्या आत करावं.

गॅस गीझर का नाही घेतला, असं नणंदेने विचारलं होतं. आमच्या बाथरूमला नीट खिडकी नाही. ज्वाला पेटते तिथे हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. असं बाथरूम असेल तर गॅस गीझर आत बसवूच नये.

तक्रार एकच, आणि ती मापाची आहे. बादलीने अंघोळ करणाऱ्या तिघांना १५ लिटर भरपूर. पण भाचा राहायला आला, शॉवर सोडला की चारपाच मिनिटांत पाणी कोमट व्हायचं. घरात लागोपाठ शॉवर घेणारी माणसं असतील तर २५ लिटरचाच घ्या.