संगीताची वर्गणी आणि चित्रपट-मालिकांची वर्गणी: निवडताना परवाने पाहा

वर्गणी भरताना आपण शुल्क पाहतो, अॅपची सोय पाहतो; परंतु आपल्याला काय मिळणार आणि ते किती काळ टिकणार, हे हक्कधारकांशी झालेले परवान्यांचे करार ठरवतात, आणि संगीत व दृश्य सेवांचे करार एकमेकांहून फार निराळे असतात.

प्रत्येक गाण्यावर दोन स्वतंत्र हक्क असतात: एक गीत-संगीताच्या रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या कंपन्या आपली ध्वनिमुद्रणे सहसा एकाच सेवेला न देता सर्वांना देतात, कारण गाणे जितक्या ठिकाणी वाजेल तितकी रॉयल्टी वाढते. त्यामुळे स्पॉटिफाय आणि अॅपल म्युझिक यांच्याकडील संग्रह बव्हंशी सारखाच आहे. अपवाद घडतात, गायक नील यंग यांची गाणी 2022 मध्ये स्पॉटिफायवरून हटली आणि 2024 मध्ये परतली. तरीही संगीतासाठी एकच सेवा निवडावी, आणि ती ध्वनीचा दर्जा, शिफारशी व कुटुंबासाठीची योजना पाहून निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्रपट-मालिकांत गणित उलटे होते. तिथे एखादी कलाकृती फक्त आपल्याकडेच असणे, हेच सेवेचे भांडवल असते, आणि हक्क देशानुसार व ठरावीक मुदतीसाठी विकले जातात. 'फ्रेंड्स' ही मालिका 2019 अखेरीस अमेरिकेतील नेटफ्लिक्सवरून गेली आणि 2020 मध्ये तिच्या मालक कंपनीच्याच एचबीओ मॅक्सवर आली. डिस्नेनेही 2019 मध्ये स्वतःची सेवा सुरू करताना हाच मार्ग धरला. मालकच स्पर्धक झाल्यावर उसन्या संग्रहावर विसंबणे धोक्याचे असते; नेटफ्लिक्सने स्वतःच्या निर्मितीवर एवढा खर्च करण्यामागे हे एक मोठे कारण आहे. प्रेक्षकाने म्हणूनच इथे वार्षिक वर्गणीची घाई करू नये. जे पाहायचे आहे ते आपल्या देशात सध्या कुठे उपलब्ध आहे हे तपासावे, महिन्यापुरते पैसे भरावेत, आणि शीर्षकाखाली 'पाहण्याचा शेवटचा दिवस' अशी सूचना दिसली तर ते आधी पाहून घ्यावे.

डाउनलोडबाबत दोन्हीकडे सारखीच मर्यादा आहे. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी टिकवायची तर किमान 30 दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावे लागते, आणि वर्गणी थांबली की ती वाजत नाहीत. दृश्य सेवांतील डाउनलोडही मुदतीचेच असतात. जो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायचा आहे, त्याची डिस्क मिळत असेल तर ती विकत घ्यावी.