क्लाउड ॲटलास: काही महिने वापरल्यानंतर

जागतिक हवामान संघटनेचा आंतरराष्ट्रीय क्लाउड ॲटलास, म्हणजे ढग ओळखण्याचा आणि त्यांना नाव देण्याचा संदर्भग्रंथ, मी गेले काही महिने जवळजवळ रोज उघडतेय. पहिली छापील आवृत्ती १८९६ ची. २०१७ ची आवृत्ती वेबसाइटवरच आहे, मोफत. ढगांचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने ती वापरावी.

आधी फोटोवरून नाव सांगणारं एक ॲप होतं. नाव मिळायचं, पण तेच का, हे कळायचं नाही. ॲटलास आपल्याला क्रमाने बघायला लावतो: दहा मूळ प्रकारांपैकी कोणता, मग जात, मग उपप्रकार, मग खास वैशिष्ट्य. प्रकार एकच, जातही एकच. वैशिष्ट्यं मात्र एकाहून जास्त चालतात. चमत्कारिक ढगांचा गुंता इथेच सुटतो, कारण बहुतेकदा तो ओळखीचाच ढग असतो, फक्त एखादं वैशिष्ट्य जोडलेला.

कॅव्हम घ्या. ढगाच्या पातळ थराला पडलेलं गोल भोक. थरातले थेंब शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहिलेले असतात. विमान गेलं की काही गोठतात, ते हिमकण आजूबाजूची वाफ घेऊन वाढतात, शेजारचे थेंब आटतात आणि हिमकण खाली झरू लागतात. भोकाखाली लोंबणारा धूसर पट्टा तो हाच. थर मात्र अल्टोक्युम्युलसचा (मधल्या उंचीवरच्या पुंजक्यांच्या ढगाचा) असेल तर नावही अल्टोक्युम्युलसच, कॅव्हम त्यापुढे जोडायचं.

ॲस्परिटास हे ढगाच्या तळाशी दिसणाऱ्या लाटांचं नाव हौशी निरीक्षकांच्या फोटोंमुळे २०१७ मध्ये अधिकृत झालं, याचं मला फार अप्रूप आहे. त्याची अंड्युलेटस या लाटांच्या उपप्रकाराशी गल्लत होते. अंड्युलेटसच्या लाटा शिस्तीत, ॲस्परिटासच्या अस्ताव्यस्त, खवळलेला समुद्र खालून बघावा तशा. फ्लक्टसच्या, म्हणजे ढगाच्या माथ्यावर फुटणाऱ्या लाटांसारख्या वळ्या तर काही मिनिटांत विरतात, तेव्हा आधी फोटो, नाव नंतर.

विमानामागची रेघ किमान दहा मिनिटं टिकली तरच तिला सिरस होमोजेनिटस (माणसामुळे तयार झालेला सिरस, म्हणजे उंचावरचा तंतूंसारखा ढग) म्हणायचं, हा नियमही चोख.

भाषा इंग्रजी, नावं लॅटिन. सुरुवातीला जड जातं. म्हणून आधी दहा मूळ प्रकार पक्के करा. हात लांब करून करंगळी धरा: क्षितिजापासून बऱ्यापैकी वर असलेल्या ढगाचे पुंजके तिच्यामागे झाकले गेले तर सिरोक्युम्युलस, तीन बोटांपर्यंत भरले तर अल्टोक्युम्युलस, त्याहून मोठे तर स्ट्रॅटोक्युम्युलस. फोटोत हे माप येत नाही, जागेवरच घेऊन लिहून ठेवावं लागतं.