दिवसाला 9 युरोची गाडी

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट. तिथे रेल्वे आहे, बस आहेत, पण किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत फिरायचं तर हाताशी गाडी लागतेच, आणि गंडवायची जागाही नेमकी तीच. आमचा बेत दिवाळीच्या सुट्टीतला. कतानियाला उतरायचं, सिराकुसा, नोतो, अग्रिजेंतोची ग्रीक देवळं, तिथून पश्चिमेला त्रापानी, मग उत्तर किनाऱ्याने पालेर्मो, चेफालू, मेस्सिना आणि ताओर्मिनावरून परत कतानिया. आठवडाभराचा प्रवास. बरोबर बायको, मुलगी आणि आई-बाबा. हॉटेलांचे पैसे आधीच भरलेले, ते परत मिळणारे नव्हते. काउंटरवरच्या माणसाला हे आपण सांगावं लागत नाही. सुटकेसा आणि म्हातारी माणसं बघून त्याला ते कळतं.

पुण्यातून बुकिंग केलं ते दर तुलना करून दाखवणाऱ्या एका वेबसाइटवरून. भाडं दिवसाला 9 युरो, म्हणजे आठवड्याचे 63. त्याच वेबसाइटचा ‘फुल कव्हर’ विमा आणखी 49 युरो. हंगाम नसताना दर पडतात हे खरं, पण 9 युरोत गाडी देणाऱ्याची कमाई भाड्यात नसतेच. ती काउंटरवर असते, आणि तिथल्या पोरांना बरेचदा विक्रीवर कमिशन असतं.

कंपनीचं ऑफिस विमानतळाच्या आत नव्हतं. शटलने बाहेरच्या एका आवारात नेलं. संध्याकाळ झाली होती, पाऊस पडत होता. काउंटरवरचा पोरगा अतिशय गोड बोलणारा. मुलीला चॉकलेट दिलं, बाबांना खुर्ची आणून दिली. मग व्हाउचर बघून म्हणाला, “हा विमा आमच्याकडे चालत नाही.”

हे वाक्य नीट समजून घ्या, कारण ते अर्धं खरं असतं. वेबसाइटचा विमा भरपाईचा असतो. गाडीला काही झालं तर कंपनी आधी आपल्या कार्डातून पैसे कापून घेणार, मग आपण कागद जोडून वेबसाइटकडे मागायचे. त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने आपण विमा न घेतलेले गिऱ्हाईक. इथवर ठीक. पण व्हाउचरवर डिपॉझिट 300 युरो छापलं होतं. तो म्हणाला, “ते आमचं कव्हर घेणाऱ्यांना. बाहेरचा विमा असेल तर 1,800.” रुपयांत हा आकडा माझ्या क्रेडिट कार्डाच्या दीड लाखाच्या मर्यादेबाहेर जात होता. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड डिपॉझिटला चालणार नाही, असं भिंतीवर लिहिलेलंच होतं. मग त्याने उपाय सांगितला: त्यांचं कव्हर, दिवसाला 38 युरो. नको असेल तर बुकिंग रद्द, आणि भरलेले पैसे गेले.

बाहेर पाऊस, सिराकुसाचं हॉटेल वाट बघतंय, आईच्या औषधाची वेळ झालेली. 63 युरोच्या गाडीवर 266 युरोचा विमा घेतला. त्याने टॅबलेट पुढे केला. पडद्यावर फक्त सहीपुरती चौकट, मजकूर इटालियनमध्ये. तीन वेळा सही करायला लावली. छापील प्रत मागितली तर म्हणे ईमेलवर येईल. कार्ड मशीनने रुपये की युरो असं विचारलं, ते बटण त्यानेच रुपयांचं दाबलं, आणि दर त्यांच्या मनाचा लागला. (परदेशात मशीनने विचारलं की नेहमी तिथलं चलन निवडावं, आणि मशीन आपल्या हातात घ्यावं.)

रात्री हॉटेलवर ईमेल उघडला तर बिलात 266 शिवाय रस्त्यावरच्या मदतीचे म्हणून 42 युरो. या मदतीबद्दल काउंटरवर एक शब्द निघाला नव्हता. तिसरी सही त्या मदतीसाठीची होती.

गाडी मिळाली पांढरी फियाट पांडा. तिच्यात पाच माणसं आणि सामान कसं बसवलं ते आमचं आम्हाला माहीत. बायकोने मात्र आवारातच फोनवर सगळा व्हिडिओ घेतला: चारही चाकांच्या रिमा, समोरची काच, छप्पर, बंपरच्या खालची कड, किलोमीटरचा आणि पेट्रोलचा काटा. तो पोरगा हसत होता. परत देताना दुसराच माणूस टॉर्च घेऊन आला, दोन मिनिटांत पुढच्या डाव्या रिमवर वाकला आणि म्हणाला, “हा ओरखडा नवा आहे, 420 युरो, आणि चाकं कव्हरमध्ये येत नाहीत.” 266 युरोच्या विम्यात चाकं येत नाहीत! व्हिडिओत तोच ओरखडा, तारीख-वेळेसकट. त्याने टॉर्च बंद केला, खांदे उडवले आणि पुढच्या गाडीकडे गेला. गाडी परत मिळाल्याची पावती मात्र काही केल्या देईना. तेव्हा त्यांच्या पाटीखाली उभी गाडी, नंबरप्लेट आणि डॅशबोर्ड यांचेही फोटो काढून ठेवले.

ते फोटो पुण्यात आल्यावर उपयोगी पडले. काही आठवड्यांनी कार्डावर 50 युरो पडले: सिराकुसात झेडटीएल मोडल्याची ‘प्रशासकीय फी’. झेडटीएल म्हणजे जुन्या गावातला मर्यादित वाहतुकीचा भाग. सिराकुसाचं ओर्तिजा त्यात येतं. वेशीवर कॅमेरा असतो, पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ असेल तर बाहेरच्या गाडीने आत जायचं नाही. आम्ही तर तालेते पार्किंगमध्ये गाडी लावून चालत गेलो होतो. कंपनीकडे तारीख मागितली. ती निघाली गाडी परत दिल्याच्या दुसऱ्या दिवसाची. दुसऱ्या कोणाचा तरी गुन्हा आमच्या कार्डावर. बँकेकडे तक्रार केली, फोटो जोडले, 50 युरो परत आले. 42 युरोंना बँक म्हणाली, तुमची सही आहे. 266 ला तेच उत्तर. वेबसाइटने 49 परत द्यायलाही नकार दिला, कारण विमा ‘लागू होता, वापरला नाही’.

तुमचा असाच बेत असेल तर पैसे भरण्याआधी वेबसाइटवर त्या स्थानिक कंपनीच्या अटींचं पान उघडा. दराखाली बारीक अक्षरात दुवा असतो. त्यात डिपॉझिटच्या दोन रकमा आहेत का ते बघा आणि मोठी रक्कम आपल्या कार्डात बसते का ते तपासा. बसत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी 9 युरोची नाहीच. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून त्याची मर्यादाही वाढवून घ्या. पेट्रोल पंपावरची स्वयंचलित यंत्रंसुद्धा 100 युरोच्या आसपास रक्कम काही काळ अडकवून ठेवतात. आयडीपी, म्हणजे परदेशात गाडी चालवायचा परवाना, आरटीओकडून न्या, ती एक वर्ष चालते. ती नसेल तर काउंटरवाल्याला बुकिंग रद्द करायला आयतं निमित्त मिळतं. आणि थोडं महाग पडलं तरी टर्मिनलच्या आत काउंटर असलेली कंपनी घ्या. बोलणी फिसकटली तर शेजारच्या काउंटरवर जाता येतं. आवारात नेऊन सोडल्यावर ती सोय राहत नाही.

झेडटीएलचा खरा दंड नगरपालिकेकडून वेगळा येतो, आणि परदेशात राहणाऱ्याला ती नोटीस 360 दिवसांपर्यंत पाठवता येते. आमचे व्हिडिओ आणि फोटो म्हणून अजून पुसलेले नाहीत.