सेलिंगचं जॅकेट घेताय? आधी आत उलटं करून बघा
गेटवेहून शिडाच्या बोटीने मांडव्याकडे जाताना साधा रेनकोट घातला होता, बाहीतून पाणी पार कोपरापर्यंत गेलं आणि आतून घामाने भिजलो ते वेगळंच. मग डेकॅथलॉनचं ट्रायबोर्ड सेलिंग जॅकेट घेतलं, एकदम मस्त! घेताना आतून शिवणींवर टेप (सुईच्या भोकांतून पाणी शिरू नये म्हणून चिकटवलेली पट्टी) आहे ना बघा, मनगटाला वेल्क्रो घट्ट बसायला हवा, लाइफ जॅकेट यावरूनच घालायचं असतं म्हणून फार ढगळं नको. घरी आलं की लगेच गोड्या पाण्याने खळाखळा धुवा, माझ्या चेनच्या दातांवर मीठ पांढरं साचून ती अर्ध्यातच अडकली होती. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. थेंब मोत्यासारखे घरंगळायचे थांबले की वॉटरप्रूफिंग स्प्रे मारायचा. आणि पावसाळ्यात बोटी बंद असताना घडी करून ठेवू नका, बुरशी येते, हँगरला टांगा.