'कॉन्क्वेस्ट'ला मराठीत काय म्हणावे: विजय, दिग्विजय की काबीज?

इंग्रजी इतिहासग्रंथाचा अनुवाद करणाऱ्याला 'कॉन्क्वेस्ट' हा शब्द लवकरच अडवतो. कोशात 'विजय' हा प्रतिशब्द सापडतो आणि बहुतेक जण तोच उचलतात. प्रदेशाविषयी लिहिताना मात्र तो टाळावा असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीतच आहे.

लॅटिनमध्ये 'क्वेरेरे' म्हणजे शोधणे. त्याला उपसर्ग लागून झालेल्या 'कॉन्क्विरेरे'चा अर्थ शोधून गोळा करणे, मिळवणे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्यात तलवारीइतकीच मिळकतीचीही छटा होती. स्कॉटलंडच्या कायद्यात तर वडिलोपार्जित जमीन वेगळी आणि खरेदीने किंवा देणगीने मिळालेली जमीन म्हणजे 'कॉन्क्वेस्ट' वेगळी, असा भेद दीर्घकाळ पाळला जात असे. थोडक्यात, शब्दाचा भर कोण हरले यावर नसून हाती काय आले यावर आहे.

'विजय' नेमका याच्या उलट आहे. 'जि' धातूपासून झालेला हा शब्द झुंजीचा निकाल सांगतो, जमिनीचे पुढे काय झाले ते सांगत नाही. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडच्या राजाविरुद्ध जिंकलेली हेस्टिंग्जची लढाई १०६६ च्या ऑक्टोबरात एका दिवसात संपली. तिला विजय म्हणणे योग्यच आहे. परंतु उत्तर इंग्लंडमधील बंडे मोडून सबंध देशावर पकड बसवायला विल्यमला त्यानंतर काही वर्षे लागली, आणि ती सगळी प्रक्रिया 'नॉर्मन विजय' या दोन शब्दांत मावत नाही.

'दिग्विजय' भारदस्त वाटतो, पण त्याची कल्पनाच निराळी आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू महेंद्रनाथाला, म्हणजे कलिंगच्या राजाला, पकडून सोडून देतो. कालिदास रघूला 'धर्मविजयी' म्हणतो आणि त्याने राजाची संपत्ती हरण केली, भूमी नव्हे, असे स्पष्ट सांगतो. गुप्त सम्राट समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्ती या स्तंभलेखातही दक्षिणेच्या राजांना पकडून अनुग्रहाने मुक्त केल्याचा, तर आर्यावर्तातील राजांना समूळ उखडल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे दक्षिणेच्या मोहिमेला दिग्विजय शोभतो. मेक्सिकोतील स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या कारवाईला तो लावणे म्हणजे त्याला नसलेले औदार्य बहाल करणे होय.

'काबीज' अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ मुठीत धरणे. 'कब्जा' त्याच धातूचा. (हिंदीतला बद्धकोष्ठाचा 'कब्ज'ही याच घराण्यातला, हे शीर्षक देताना आठवू नये इतकेच.) ताबा मिळवणे आणि तो टिकवणे या दोन्ही अर्थांना हा शब्द पुरतो. अरबी मुळात 'उघडणे' असा अर्थ असलेला 'फत्ते' मोहिमेपुरता, 'सर' गड आणि शिखरांपुरता ठीक. 'पादाक्रांत' मात्र जिंकणाऱ्याच्या पायाकडे इतके लक्ष वेधतो की तटस्थ लेखनात तो नकोच.

काबीजची अडचण व्याकरणाची आहे. तो 'करणे'शिवाय चालत नाही आणि त्याचे नाम सहज होत नाही. गोव्यातील मराठीने ती अडचण पूर्वीच सोडवली आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेलेल्या 'जुन्या काबिजादी', तर फोंडा, पेडणे, सत्तरी, काणकोण इत्यादी अठराव्या शतकातल्या 'नव्या काबिजादी'. पोर्तुगीज 'कॉन्किस्ता'साठी रुळलेला हा शब्द आहे. गंमत म्हणजे नव्यांपैकी बराच मुलूख निव्वळ रणांगणावर जिंकलेला नाही: हैदर अलीपुढे टिकाव न लागल्याने सौंदेकर राजा (सौंदे हे आजच्या कर्नाटकातील छोटे राज्य) पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला तेव्हा त्याचा काही प्रदेश त्यांच्याकडे गेला आणि १७८८ साली पेडणे सावंतवाडीकरांकडून मिळाले. तिथे 'नवे विजय' असे लिहिले असते तर ते खोटे ठरले असते. 'काबिजाद' मात्र खरी ठरते. मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या वाचकाला हा शब्द अनोळखी वाटेल, तेव्हा पहिल्या उल्लेखात एका ओळीत त्याचा अर्थ द्यावा आणि पुढे निःसंकोच वापरावा.